पान सोळावरची बाई

बॅनरवरचा फोटो खरा होता. बाकी मजकुराबद्दल दुमत होतं. पण चर्चमधल्या रविवारच्या उपासनेहून आल्याआल्या, दुपारी एक वाजता, आत्याने तो जेवणाच्या टेबलावर अंथरला तेव्हा हे दुमत घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात होतं. बाकी सगळे खूश होते.

"अकरा वर्षांच्या परदेशी सेवेबद्दल," आत्या मोठ्याने वाचू लागली, जणू घरात दुसऱ्या कोणाला अक्षरओळखच नव्हती, "काळोखातील कन्येचा हृद्य सत्कार. देवळाच्या सभागृहात, ठीक चार वाजता. चहापानाची सोय केली आहे." आत्या महिला मंडळाची सेक्रेटरी होती. सत्कार, निरोप, वाढदिवस आणि अंत्यविधी ती सारख्याच उत्साहाने पार पाडायची. फुलांची ऑर्डर देताना तेवढा रंग वेगळा सांगायची.

जिचा सत्कार होता ती कन्या बेसिनपाशी हात धूत होती. हात नर्सचे. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यांतून पाणी, मग नळ कोपराने बंद. घरचा नळ कोपराने बंद होत नाही हे तिला आठ दिवसांत चौथ्यांदा आठवलं.

"आत्या, गुंडाळ ते."

"अगं डाग नाही पडणार, प्लास्टिकचा आहे."

"डागाचं नाही म्हणत मी. मी चार वाजता येणार नाहीये. बाबा उभं राहून बोलणार असतील तरच येईन."

"बोलणारच आहेत की. वडिलांचं मनोगत, सात मिनिटं. कार्यक्रमपत्रिकेत घातलंय."

"मनोगत नको. झालं काय, तेवढंच."

बाबा टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले होते. एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर लाल पेन्सिल तेवढी घरी घेऊन आले. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीतला घडीचा कागद, सोसायटीची नोटीस, काहीही हातात आलं की पेन्सिल कानावरून खाली यायची. आता ती कानावरच होती. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मी रजेवर आले नाहीये," नर्स म्हणाली. "मला परत पाठवलंय."

टेबलाभोवती शांतता पसरली वगैरे काही नाही. या घरात शांतता व्हायला वेळ लागतो. आधी आत्या "म्हणजे?" म्हणाली, मग आई "कोणी?" म्हणाली, मग धाकट्या बहिणीचा नवरा, ज्याला सासरी सगळे वायरमन म्हणत कारण तो वायरमनच होता, "पंखा बंद करू का, नीट ऐकू येत नाहीये," म्हणाला.

"मिशनने पाठवलं?" बाबा.

"मिशन खूश आहे. मिशनने तुमच्या पत्रांचं पुस्तक छापलं. मला पाठवलं तिथल्या मंडळीने. देवळाने."

"तुझ्या पत्रांचं पुस्तक."

"माझ्या नाही, बाबा."

धाकटी हातात भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते तसंच परत आत नेऊन ठेवलं.

पत्रांचा प्रकार असा होता. परदेशी गेलेल्या प्रत्येकाने दर महिन्याला घरच्या मंडळीला, म्हणजे इथल्या चर्चच्या सभासदांना, प्रार्थनापत्र लिहायचं ही मिशनची पद्धत. उपासनेनंतर ते वाचायचं, मंडळीने त्याप्रमाणे प्रार्थना करायची, आणि कापूस, हातमोजे, जुन्या चादरी यांचे खोके भरून पाठवायचे. नर्स नेमाने लिहायची. पण लिहायची केसपेपर लिहिल्यासारखं. 'या महिन्यात एकोणतीस बाळंतपणं. दोन मुलं गेली. हत्यारं निर्जंतुक करायचं वाफेचं मशीन बंद. पाण्याच्या टाकीवरून पाळकांशी भांडण, चूक माझी. प्रार्थनेचा विषय: मशीनचा रबरी वॉशर.' वॉशरसाठी प्रार्थना करा असं दोनशे माणसांना सांगायचं कसं? मग बाबा पत्र जरा नीट करायचे. पहिल्या वर्षी नीट करणं म्हणजे तुटक वाक्यं जोडणं होतं. दुसऱ्या वर्षी पत्रांत चांदणं पडू लागलं. तिसऱ्या वर्षी दवाखान्याकडे जाणारा डांबरी रस्ता गेला आणि रानवाट आली. चौथ्या वर्षी माणसं औषधाआधीच बरी व्हायला लागली. धाकटी टाईप करायची, रविवारी बाबा वाचायचे, बायका रुमाल काढायच्या आणि खोके भरभरून जायचे.

आणि मग मिशनच्या मुख्य कचेरीने दहा वर्षांच्या सेवेनिमित्त पुस्तक काढलं, 'काळोखातील कन्या', तीन भाषांत. तिसरी भाषा तिथली होती. कौतुकाने वीस प्रती तिथल्या देवळालाही पाठवल्या.

"वाचलं त्यांनी?" आत्याचा चेहरा उजळला. "आवडलं असेल!"

"उपासनेनंतर मोठ्याने वाचलं. पान सोळा."

"सोळा म्हणजे मण्यांचं ना? अगं, ते तर माझं पाठ आहे!" आणि आत्याने, कोणी अडवायच्या आत, एक हात छातीवर ठेवून सुरुवात केली. "'त्या काळोख्या मुलखातील वृद्ध दाई थरथरत माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या गळ्यात मंतरलेल्या मण्यांच्या माळा होत्या. आजवर तिच्या अज्ञानाने किती माता दगावल्या असतील! मी तिच्या मस्तकावर हात ठेवला. तिने एका झटक्यात त्या माळा तोडल्या, आणि मणी...'"

"'...मणी रात्रीच्या पापांसारखे मातीत विखुरले,'" नर्सने पुरं केलं. "आम्हालाही पाठ झालंय. ती दाई पुढच्या बाकावर बसली होती, आत्या. तिचे आजोबा त्या देवळाच्या विटा भाजणारे. ती मंडळीच्या पंचांत आहे. तीस वर्षं रविवारची शाळा घेते. तिने जन्मात मणी घातले नाहीत. कामात अडकते म्हणून बांगडीसुद्धा घालत नाही. आडवं आलेलं मूल बाहेरून कसं वळवायचं ते मला तिने शिकवलं. माझ्या हातावर हात ठेवून. आणि मी तिच्या शेजारी बसले होते. वाचणारा एकेक वाक्य वाचत होता, आणि ती समोर बघत होती. माझ्याकडे नाही. एकदाच म्हणाली, काळोख म्हणजे आम्ही का गं?"

आता मात्र शांतता झाली. वायरमनने पंखा बंद केला होता ते पहिल्यांदाच उपयोगी पडलं.

नर्सने पर्समधून पाकीट काढलं. "हे बाबांना आहे. त्यांच्या भाषेत आहे, मी सांगते." बाबांचा हात सवयीने कानाकडे गेला, आणि थांबला. या घरात प्रथमच असं पत्र आलं होतं ज्यावर त्यांची पेन्सिल चालणार नव्हती.

तिने सावकाश, एकेक ओळ बोट ठेवून, अर्थ सांगितला.

"'आमच्या बहिणीच्या वडिलांना. तुमचं पुस्तक आमच्याकडे वाचलं. आमच्या दाईबद्दल त्यात जे आहे ते झालेलं नाही. आमची बहीण म्हणते, ते तिने लिहिलं नाही. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. पण दाईबरोबर एका खोलीत काम करायचं तर नुसता विश्वास पुरत नाही. आमच्या देवळात उपासना संपली की बाक वळवून समोरासमोर मांडतात. जे उभं राहून चारचौघांत बोललं, ते उभं राहून, त्याच जागी, त्याच माणसांसमोर परत घ्यायचं. ज्याने लिहिलं त्यानेच. दुसऱ्याने घेतलेलं चालत नाही. ते झालं की आम्हाला ऐकवा आणि तिला पाठवा. तिच्या खोलीत आम्ही कोणाला ठेवलेलं नाही.'"

तिने पत्राची घडी केली. "एवढंच आहे."

"भाषा जरा उद्धट आहे," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"मी फक्त भाषेबद्दल बोलतोय."

"तुम्ही कायम फक्त भाषेबद्दलच बोलता!"

"दादा, तू कशाला उभा राहतोस?" आत्या उसळली. "वीस वर्षं पंच आहेस. त्या जागेवर उभं राहून मी खोटं वाचलं म्हणायचं? उद्या लोक मला विचारतील, महिला मंडळ काय खोट्या पत्रांवर चादरी गोळा करत होतं? आणि तू गं! ते वाफेचं नवं मशीन कशामुळे गेलं? पान सोळामुळे! त्याच रविवारी लोकांनी हात वर केले. तुझ्या त्या वॉशरला कोणी एक जुना टॉवेल दिला नसता."

"दिला नसता तर नसता! आम्ही पातेल्यात उकळत होतो सामान. दाई उकळत होती. तीच, माळांवाली."

"एका माणसाला वाईट वाटलं म्हणून एवढ्या चांगल्या कामाला..."

"एका माणसाला? आत्या, उद्या तुझ्यावर कोणी लिहिलं की ही बाई अडाणी, हिच्या हातून माणसं मेली, माझ्या भाचीने डोक्यावर हात ठेवला तेव्हा कुठे हिला अक्कल आली. आणि ते तुझ्याच देवळात, तू पुढच्या बाकावर बसलेली असताना वाचलं, तर?"

"मी पुस्तक फाडलं असतं," आत्या तत्काळ म्हणाली, आणि आपण कोणाच्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन बॅनरची घडी घालायला लागली.

बाबांनी चष्मा लावला. त्यांना राग आला होता, आणि राग आला की ते हळू बोलत. "तुला माहीत होतं," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी मंडळीच्या मासिकात तुझं पत्र आलं होतं. रानवाटेचं. तुला अंक पाठवला होता. तू उत्तरात काय लिहिलंस? 'अंक मिळाला. हातमोजे लहान साईझचे पाठवू नका.' एवढंच."

हे खरं होतं. नर्सने तो अंक वाचला होता, एकटीच हसली होती, आणि अंक बाजूला ठेवून खोकी उघडायला घेतली होती. रानवाटेने कोणाचं काय बिघडतंय? डांबरी रस्त्याला वाईट वाटत नाही. आठ दिवस तिला बाबांचा जितका राग येत होता, त्यातला बराचसा खरं तर स्वतःवरचा होता, त्या अंकावर काहीच न बोलल्याचा.

"हो, होतं," ती म्हणाली. "ते मी तिथे उभं राहून सांगून आलेय. माझ्या वाटणीचं झालंय. तुमचं राहिलंय."

स्वयंपाकघरात धाकटी ओट्याला टेकून उभी होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. या घरात ऐकू न येणारी जागा नव्हती, म्हणूनच तिचं अर्धं आयुष्य या ओट्याशी गेलं होतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, आईचं ब्लडप्रेशर, गॅसची पावती, डॉक्टरची वेळ, सगळं तिने बघायचं. ताईने काळोखात उजेड पाडायचा. महिन्यातून एक संध्याकाळ मात्र तिची असायची. बाबा सांगायचे, ती टाईप करायची, आणि मध्येच म्हणायची, "बाबा, इथे काहीतरी हवं." बाबा म्हणायचे, "काय हवं?" आणि ती सुचवायची.

दाई बाबांनी आणली होती. ती थरथरली ती बाबांमुळे. पण मणी धाकटीचे होते. मणी, माळा, झटका, पापं, सगळे. त्या वाक्याला रविवारी रुमाल निघाले तेव्हा तिने देवळातल्या पेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून मान खाली घातली होती, आणि इतकं बरं वाटलं होतं, की लग्नातही वाटलं नव्हतं.

ती बाहेर आली. "ते मणी..."

"मणी मी घातले," बाबा म्हणाले. लगेच, तिच्याकडे न बघता. "सगळं मी लिहिलंय. हिने फक्त टाईप केलं."

धाकटी पाण्याचा जग उचलून पुन्हा आत गेली. जग भरलेलाच होता. वायरमनने हे पाहिलं. त्याची बायको भरलेला जग भरायला कधी जात नसे.

"मग उभे राहा ना," नर्स म्हणाली. "सगळं तुम्ही लिहिलं तर दोन वाक्यं बोला. मला परत जायचंय, बाबा. तिथे एकोणतीस बायका यायच्या महिन्याला, त्या काही थांबल्या नाहीत. दाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. टाका घालताना सुई मी ओवून देते. आत्ता कोण देत असेल?"

"आणि मी बोललो नाही तर?"

"तर मी इथे राहीन. रोज तुमच्यासमोर बसून जेवेन. आणि तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"ही काय धमकी झाली? परदेशी जाऊन बापाला..."

"पहिलं पत्र आठवतंय का तुम्हाला?"

बाबांना आठवत होतं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं: 'आज एक बाई गेली. मी बॅटरी धरून उभी होते. माझ्या हातातून ती पडली, काच फुटली. दाईने अंधारात हाताने सगळं केलं. मूल वाचलं. मी बाहेर जाऊन ओकले. मला घरी यायचंय.' त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. आईचं ब्लडप्रेशर नुकतंच निघालं होतं. मंडळीत मुलीला निरोप देऊन महिनाही झाला नव्हता. मुलगी ओकली हे दोनशे लोकांसमोर वाचायचं? त्यांनी चार ओळी काढल्या आणि एक घातली: 'आज एका भगिनीला प्रभूने जवळ बोलावले, मी तिचा हात धरून होते.' एवढंच. तेव्हा एवढंच होतं. पण मूळ पत्राला त्यांनी काय उत्तर पाठवलं होतं ते त्यांना काही केल्या आठवेना. कदाचित पाठवलंच नव्हतं.

"'मला घरी यायचंय' असं लिहिलं होतं मी," नर्स म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुमचं पत्र आलं, मंडळी फार प्रोत्साहित झाली म्हणून. मी चार दिवस विचार करत होते, कशामुळे झाली? माझ्या ओकण्यामुळे?"

आई उठली. ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती, आणि सगळ्यांनी ती नेहमीप्रमाणे बाबांच्या बाजूने आहे असं धरलं होतं. ती आतल्या खोलीत गेली आणि ब्लडप्रेशर मोजायच्या मशीनचं खोकं घेऊन आली.

"बघू नंतर तुझं प्रेशर," बाबा म्हणाले. "आधी बस."

आईने खोकं उपडं केलं. मशीन नव्हतंच. अकरा वर्षांचे कागद होते. आधीची हातची पत्रं, नंतरचे धाकटीने छापून दिलेले मेल. प्रत्येकावर लाल पेन्सिल. बाबा ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, ती काढायची.

"तू वाचलीस?" नर्सचा आवाज बदलला. "सगळी? आई, तुला माहीत होतं मला यायचं होतं ते?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मला आवडायचं ते," आई म्हणाली. "रविवारी यांचं वाचून झालं की बायका माझा हात धरायच्या. 'तुमचं पोट धन्य,' म्हणायच्या. तुझं ओकणं त्या डब्यातून काढून मी आत बसून वाचायची, आणि मग पदर नीट करून बाहेर यायची हात धरून घ्यायला." ती बाबांकडे वळली. "आणि तुम्ही, अहो, 'हिचं प्रेशर वाढेल' म्हणून माझ्या नावावर किती वर्षं खपवलंत! माझ्यासाठी बदललं म्हणे. मला विचारलं होतं? माझं प्रेशर चाळीस वर्षांत तुमच्याशिवाय कशानेच वाढलेलं नाही."

"वहिनी, अगं दादाच्या मनात..."

"वन्सं, तुम्ही तो बॅनर घ्या आणि पुढे व्हा. आम्ही येतोच. सगळे. आणि हे बोलणार आहेत."

आत्या जी गेली ती चप्पल घालायलाही थांबली नाही. हातात घेऊन गेली.

"मी विचार करतो," बाबा म्हणाले.

"करा," आई म्हणाली. "पावणेचारपर्यंत. जेवायला मात्र मिळणार नाही, भात कोणीतरी आत नेऊन ठेवलाय."

सभागृह भरलं होतं. खुर्च्या दोनशे, माणसं थोडी जास्त. बॅनर किंचित तिरका लागला होता. वायरमन नेहमीच्या जागी, माईकच्या खोक्याशेजारी बसला होता. आज त्याने स्टँडवर फोनही लावला होता. "रेकॉर्ड कर," नर्सने त्याला एवढंच सांगितलं होतं, "त्यांना पाठवायचंय." धाकटी पेटीवर होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, शाल आली, हार आला. नर्सने दोन्ही खुर्चीवर ठेवले आणि ती उभीच राहिली.

बाबा माईकपाशी गेले. कानावर पेन्सिल नव्हती, त्यामुळे ते एकदम कोणीतरी वेगळे दिसत होते. त्यांनी टेबलाच्या कडा धरल्या. नर्स नकळत एक पाऊल पुढे आली. कितीही झालं तरी बाप होता.

"प्रिय मंडळी," ते म्हणाले, "आज मी आनंदाने नव्हे, भग्न हृदयाने उभा आहे. अकरा वर्षं या जागेवरून मी जी पत्रं वाचली, त्यांत माझ्या कन्येच्या शब्दांत मी माझे शब्द मिसळले. पान सोळावरची ती दाई तशी नव्हती. ती तुमच्याआमच्याहून थोर आहे."

खुर्च्या करकरल्या. पाळकसाहेबांनी पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला. नर्सने श्वास सोडला.

बाबांच्या आवाजात हळूहळू बळ येऊ लागलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला शेवटी स्वतःची सापडली होती. "आज दुपारी घरी टेबलाशी बसलो असताना अचानक खिडकीतून एक तिरीप आली आणि त्या परक्या भाषेतल्या पत्रावर पडली. माझ्या कन्येच्या डोळ्यांत अश्रू होते. मला माझं पाप आरशासारखं दिसलं. मी तिथेच, त्या फरशीवर, गुडघे टेकले..."

दुसऱ्या रांगेत पहिला रुमाल निघाला. मग चौथ्या. आत्याने दोन्ही हात गालांना लावले. तिला हे कार्यक्रमपत्रिकेत घातलेल्या मनोगताहून सरस वाटत होतं.

"बाबा," नर्स म्हणाली.

तिला माईकची गरज नव्हती. वॉर्डात ओरडायची सवय होती.

"तुम्ही गुडघे टेकले नाहीत."

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"तुमचा गुडघा ऑपरेशनपासून वाकत नाही. सगळ्यांना माहितेय. तिरीप आली नाही, पडदा ओढलेला होता. मी रडले नाही, मला राग आला होता. अजून आहे. आणि तुम्ही म्हणालात, 'भाषा उद्धट आहे.' जेवणही झालं नाही आपलं. आई ओरडली म्हणून तुम्ही इथे आलात." तिचा आवाज फाटला. "एकदा तरी, बाबा. एकदा तरी नुसतं सांगा ना!"

रुमाल अर्ध्यावर थांबले. बाबांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. लाल खुणांनी भरलेला होता तो; पावणेतीनपासून त्यावर काम चाललं होतं. त्यांनी तो उलटा ठेवला.

"मी त्या दाईला कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "तिच्याबद्दल ताईने चांगलंच लिहिलं होतं. मी घरी बसून वाईट लिहिलं. लोकांना आवडावं म्हणून. तिच्या हातून माता दगावल्या, हे खोटं आहे. पहिल्या महिन्यात एक बाई गेली, तेव्हा हिच्या हातातून बॅटरी पडली होती. अंधारात त्या दाईनेच मूल वाचवलं. मी ते काढून टाकलं." ते थांबले. पुढे काही येतंय का म्हणून त्यांनी वाट पाहिली. आलं नाही. "ते मणीही मीच..."

पेटीचा भाता सुटून सूर निघाला. धाकटी उठून उभी राहिली होती.

"मणी माझे," ती म्हणाली. "माळा, झटका, सगळं. बाबांनी नाही, मी लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं." आणि मग, कोणी विचारलं नसताना, रागाने लाल होऊन, "चांगलं वाक्य होतं ते!"

ती खाली बसली. बाबाही बसले, खुर्चीवर हार आहे हे न बघता. कोणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक उघडलं, अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि मिटलं. आत्या चहा सांगायला निघून गेली. पहिल्या रांगेत आई पदर नीट करून बसली होती. तिचा हात धरायला कोणी आलं नाही, आणि तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही.

नर्स चालत माईकच्या खोक्यापाशी आली. वायरमन फोनवर वाकला होता.

"सगळं आलंय, ताई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तो सुरुवातीचा भाग, तिरीपवाला, तो काढून टाकतो. आणि तू ओरडलीस ते. कापून नीट करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावशील तर याद राख," नर्स म्हणाली. "आहे तसं पाठव."